साखर पिशवीत अडकली की दाण्यातच राहिली?

तुझ्या घरच्या बिअरचे आकडे आधी समोर मांडून घेतो. ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), दुकानदारानेच भरडून दिलेलं. २९ लिटर पाणी, सगळं एकदमच भांड्यात. भरड कापडी पिशवीत घालून ६६ अंशांना एक तास मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवणं. मग पिशवी वर उचलून टांगली, निथळू दिली. उकळी काढायच्या आधी भांड्यात २५ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) आणि गार करून मोजलेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०३६, म्हणजे ३६ पॉइंट. रेसिपीप्रमाणे हवी होती १.०४६. सहा वेळा केलंस, सहाही वेळा दहा पॉइंट कमी. गेल्या दोन खेपांना हातमोजे घालून पिशवी पिळलीस, मनगटं भाजून घेतलीस, तेव्हा लिटर-दीड लिटर वर्ट जास्त मिळाला, पण ग्रॅव्हिटी जागची हलली नाही. मेलबर्नचे मित्र म्हणाले, पिशवीच्या पद्धतीत एवढंच मिळतं, किलोभर माल्ट जास्त टाक. आणि तू मला विचारतोस, काका, हे खरं का?

खरं नाही. माल्ट वाढवू नकोस, आणि पिळणंही तूर्त बंद कर. तुझी गळती पिशवीत नाहीच.

तू ऊसवाल्या घरातला, त्यामुळे हात आपोआप पिळण्याकडे जातो हे मला समजतं. आपल्या जिल्ह्यात ‘उतारा’ म्हटलं की डोळ्यांपुढे कारखान्याची मिल येते. उसात साखर शेतातच तयार झालेली असते, कारखान्याने ती फक्त रसातून काढायची. जितकं दाबाल तितकं मिळेल. चिपाडात राहिली तर वरून गरम पाणी मारून पुन्हा दाबायचं, त्याला ते इंबिबिशन म्हणतात. माल्टचं तसं नाही. दाणा पिशवीत पडतो तेव्हा त्यात साखर जेमतेम असते. असतो तो स्टार्च, आणि त्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स त्याच दाण्यात शेजारी बसलेली. पाणी आणि उष्णता मिळाली की ती कामाला लागतात. म्हणजे मॅशच्या तासाभरात तू साखर काढत नाहीस, साखर तयार करतोस. काढणं नंतरचं. जी झालीच नाही ती पिळून कुठून येणार?

मी मराठवाड्यातल्या एका ब्रुअरीत मॅशटनपाशी, म्हणजे मॅशच्या टाकीपाशी, सत्तावीस वर्षं काढली. आता जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर महिन्यातून दोनदा माल्टचं सिरप करतो. परवान्याशिवाय घरी बिअर करायला आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, त्यामुळे माझं काम यीस्ट घालून आंबवण्याच्या अलीकडेच थांबतं. गोड वर्ट आटवायचा, काकवीसारखा झाला की बरण्यांत भरायचा. भांडं, पिशवी, पद्धत मात्र तुझीच, आणि उताऱ्याचा सगळा खेळ यीस्टच्या आधीच संपलेला असतो. तेव्हा हे गच्चीवरचं ज्ञान तुझ्या गॅरेजात चालेल.

आता पुरावा बघ, तो तूच दिला आहेस. पाणी सगळं एकदम घातलं आणि वरून काही ओतलं नाही, तर पिशवीत अडकलेला वर्ट आणि भांड्यातला वर्ट एकच असतो. मॅश ढवळलेला असेल तर दोघांची ग्रॅव्हिटी सारखीच. म्हणून पिळलंस तेव्हा वर्ट वाढला आणि ग्रॅव्हिटी तिथेच राहिली. वरून पाणी न घालण्याच्या या पद्धतीत ग्रॅव्हिटी कमी येण्याची कारणं तीनच असू शकतात: पाणी ठरल्यापेक्षा जास्त पडलं, मोजण्यात चूक झाली, किंवा स्टार्चची साखर पूर्ण झाली नाही. पिळणं, निथळणं, पिशवीचं कापड यांचा त्या आकड्याशी संबंध नाही.

किती साखर झाली नाही ते कागदावर काढता येतं, आणि हा हिशोब एकदा हाताने केलाच पाहिजे. ॲपमध्ये आकडे भरून फक्त टक्केवारी बघणाऱ्याला आजार कुठला ते कधीच कळत नाही. चांगल्या पेल माल्टच्या वजनाच्या साधारण ७८ टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. ५ किलोतून ३.९ किलो. पाणी २९ किलो. सगळं उतरलं तर एकूण द्रव ३२.९ किलो, त्यात ३.९ किलो अर्क, म्हणजे पावणेबारा टक्क्यांच्या जरा वर. टक्क्याला ढोबळमानाने चारने गुणलं की ग्रॅव्हिटीचे पॉइंट येतात, म्हणजे ४७-४८. तुझ्या भांड्याची कमाल मर्यादा १.०४८ झाली. तुझे आले ३६. ३६ भागिले चार, ९ टक्के. २९ लिटर पाण्यात ९ टक्के व्हायला २.८७ किलो अर्क लागतो. ३.९ पैकी २.८७, म्हणजे ७४ टक्केच. बाकी किलोभर माल दाण्यातच राहिला आणि चोथ्याबरोबर तुझ्या कंपोस्टच्या पेटीत गेला.

आता दुसरी बाजू. ५ किलो माल्टचा पूर्ण उतारा लिटर-पॉइंटांत (लिटर गुणिले पॉइंट) १५०० धर. तू मिळवलेस २५ गुणिले ३६, म्हणजे ९००. एकूण उतारा ६० टक्के. त्यात साखर होण्याचा वाटा ७४ टक्के आणि झालेली साखर भांड्यात येण्याचा वाटा ८१ टक्के. गुणाकार करून बघ, साठच येतात. हा ८१ चा आकडा न पिळलेल्या पिशवीला अगदी ठीक आहे. ७४ चा आकडा ठीक नाही. तो ९५ च्या पुढे हवा, आणि घरच्या भांड्यात तो येतो. तेवढं एकच सुधारलंस तर एकूण उतारा ७६ च्या आसपास जाईल आणि ग्रॅव्हिटी १.०४५-१.०४६, म्हणजे तुझी रेसिपी.

हे सगळं तुझे आकडे खरे धरून. ते तपासून घे. हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी, बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ४० अंशांना तो साधारण ६ पॉइंट कमी दाखवतो आणि ६० अंशांना १५. तू गार करून मोजलंस म्हणतोस, पण गार म्हणजे बोटाला गार की २० अंश? इथे एप्रिलमध्ये नळाचं पाणीच ३० च्या वर असतं, त्यामुळे मी नमुना स्टीलच्या झाकणबंद डबीत घालून बर्फाच्या पाण्यात सोडतो. झाकण यासाठी की उघड्यावर वाफ गेली तर नमुना घट्ट होतो आणि ग्रॅव्हिटी खोटीच वाढते. नमुना काढण्याआधी भांडं तळापासून ढवळायचं, नाहीतर खालचा जड वर्ट एक सांगतो आणि वरचा दुसरंच. २५ लिटर उकळत्या द्रवात मोजलेस तर गार झाल्यावर ते २४ च भरतील, पाणी तेवढं फुगतं. थर्मामीटर दोन ठिकाणी तपास, वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात. माझा इथे उकळीला साडेअठ्ठ्याण्णव दाखवतो आणि तो बरोबर आहे, कारण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे. तुझा मेलबर्नमध्ये १०० दाखवायला हवा.

हे सगळं बरोबर निघालं, तर दहातल्या आठ वेळा दोष भरडण्याचा असतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दुकानाची मिल सगळ्यांसाठी लावलेली असते. बहुतेक गिऱ्हाइकं जाळीच्या तळाची टाकी वापरतात. त्यात दाण्याची सालं अख्खी राहावी लागतात, कारण त्या सालांचीच गाळणी बनते. फार बारीक भरडलं तर तळ चिकटतो आणि वर्ट खाली उतरत नाही. म्हणून दुकानदार रोलरमधली फट एक-सव्वा मिलिमीटर ठेवतो. तुझी गाळणी कापडाची आहे, तुला सालांच्या थराची गरज नाही. तरी तू त्यांच्या मापाचं भरड वापरतोयस. मोठ्या कणीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागतो, ती फुगायला वेळ लागतो, आणि तासाभराने तू पिशवी उचलतोस तेव्हा आतला स्टार्च कोरडाच असतो.

याची खात्री दातांनी करता येते. मॅश संपल्यावर चोथ्यातून चिमूटभर कण्या बाहेर काढ. बोटांत चोळ. नुसतं साल आणि मऊ लगदा लागला तर काम झालं. मध्ये पांढरा, खडबडीत ठिपका दिसला, दाताखाली कच्च्या तांदळासारखा कचकन आवाज आला, तर तुझा किलोभर माल तिथे आहे. मी अजूनही दर खेपेला हे करतो. आमच्या ब्रुअरीत प्रयोगशाळा होती, चाळण्या होत्या, पण जुना शिफ्टवाला आधी चोथा चावायचा आणि मग कागद बघायचा.

आयोडीनवर फार भिस्त ठेवू नकोस. वर्टचा थेंब बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि काळानिळा रंग आला नाही, म्हणजे द्रवात उतरलेल्या स्टार्चची साखर झाली, एवढंच कळतं. जो स्टार्च अजून कणीतून बाहेरच आला नाही त्याबद्दल आयोडीन गप्प. मी सुरुवातीला अर्ध्या तासात आयोडीन स्वच्छ आलं म्हणून गॅस बंद करायचो आणि उतारा का पडतो म्हणून डोकं खाजवायचो. त्याच थेंबात एखादी कणी चिरडून बघितली असती तर तेव्हाच काळं फटक दिसलं असतं.

भरडायचं किती बारीक? रोलर मिल असेल तर फट ०.६५ ते ०.७५ मिलिमीटर. मोजायला दुचाकीच्या गॅरेजात टॅपेट लावायला जे फीलर गेज वापरतात तेच घे, दुसऱ्या कुठल्या उपकरणाची गरज नाही. मिल नसेल तर दुकानदाराला सांग की दोनदा भरडून दे, ओळखीचा असेल तर देतो. भरडलेलं मूठभर घेऊन ताटात पसर. अख्खा दाणा एकही दिसता कामा नये, सालं फाटलेली पण पीठ न झालेली, आणि आतला भाग बारीक रव्यासारखा, थोडं पीठ असलेला. लापशीचा भरडा दिसला तर मोठं झालं.

याच्या पलीकडे जाऊ नकोस. मी गेलो होतो. सिरप करायला लागलो तेव्हा मिल नव्हती, म्हणून चार किलो माल्ट घेऊन पेठेतल्या एका गिरणीत गेलो. भरड काढून दे, दगड उचलून ठेव, असं दोनदा बजावलं आणि भाजी आणायला गेलो. परत येतो तर डबा भरून पीठ. गिरणीवाल्याने वर हौसेने सांगितलं, ‘काका, बारीक केलंय, भाकरी मऊ होईल.’ त्या पिठाचा मॅश केला. साखर झाली उत्तम, ९८ टक्के. पण पिशवी उचलली तर एक थेंब खाली पडेना. कणकेचा गोळा टांगल्यासारखी ती तासभर लोंबकळत होती. शेवटी बायकोने श्रीखंडाचा चक्का बांधतात तशी रात्रभर हुकाला बांधून ठेवली. सकाळपर्यंत वर्ट आंबूस झाला होता. ते सिरप कुणाला दिलं नाही. पुढे आईचं जातं माळ्यावरून काढलं, डाळ भरडायच्या खुंट्यावर ठेवून दाणे घातले, आणि खरं सांगतो, पहिल्या रोलर मिलपेक्षा ते भरड चांगलं होतं. पाच किलोला दीड तास लागला आणि खांदा दोन दिवस धरला, एवढंच.

एक जुनी युक्ती ब्रुअरीतली. भरडायच्या पंधरा मिनिटं आधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी शिंपडायचं, ५ किलोला १०० मिलिलिटर, आणि हाताने वरखाली करायचं. साल लवचीक होतं, चुरत नाही, गाभा मात्र कोरडाच असल्याने छान फुटतो. त्यामुळे बारीक भरडूनही पिशवी तुंबत नाही. पाणी यापेक्षा जास्त घालू नकोस, रोलरला लगदा चिकटतो.

माल्ट पाण्यात घालताना पिठल्याचा नियम लागू आहे: एका हाताने सोडत जायचं, दुसऱ्याने ढवळत राहायचं, एकही गुठळी राहू द्यायची नाही. गुठळीच्या आत कोरडं पीठ राहतं आणि तासभर पाण्यात असून कोरडंच राहतं. पिशवीच्या पद्धतीत भांडं भरलेलं असतं म्हणून लोक घाबरत ढवळतात. तू घाबरू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत नीट ढवळ, नंतर दर पंधरा मिनिटांनी एकदा.

पुढचा संशयित उष्णता. ६६ अंश ही सुरुवातीची, शेवटी किती होती? तू लिहिलं नाहीस, म्हणजे मोजली नाहीस. तुमच्या जुलैच्या थंडीत गॅरेज दहा-बारा अंशांवर असणार आणि स्टीलचं भांडं एकपदरी. बार्लीचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांत फुगून मोकळा होतो. तो मोकळा झाल्याशिवाय एन्झाइम्सना त्याचा घास घेता येत नाही. मॅश ५८ वर उतरला तर उरलेल्या कण्यांमधलं काम जवळजवळ थांबतं. भांड्याला गुंडाळायला काहीतरी घे. माझ्याकडे त्याचं उत्तर घरचंच आहे, दोन सोलापुरी चादरी, वर सुतळी. गच्चीवर जानेवारीत तासाभरात दीड अंशाहून जास्त उतरत नाही. तुझ्या आईने पाठवलेली चादर तू सोफ्यावर घातलीस असं ऐकलं. गॅरेजात ने.

तास पुरतो का? बारीक भरडलेल्याला पुरतो, जाड भरडलेल्याला नव्वद मिनिटं दे. खरं तर घड्याळ विचारू नकोस, ग्रॅव्हिटी विचार. तीस मिनिटांनंतर दर पंधरा मिनिटांनी ढवळून थेंब काढ. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर वर्टवरून साखर मोजणारं उपकरण) असेल तर सोपं. आकडा १.०४५-१.०४६ वर येऊन दोनदा तोच आला की काम झालं. १.०४० वर अडकला आणि हळूहळू चढतच राहिला तर भरड जाड आहे. सुरुवातीपासूनच रांगत असेल तर उष्णता किंवा पीएच (आम्लतेचं माप) बघ.

शेवटी पिशवी आतच ठेवून गॅस चालू करून मॅश ७५-७६ अंशांपर्यंत नेतात. तसं केल्याने पुष्कळांचा उतारा वाढतो, आणि ते म्हणतात की वर्ट पातळ होऊन नीट निथळला. माझं मत वेगळं आहे. अल्फा अमायलेज हे एन्झाइम ७० च्या वरही काही काळ जोरात चालतं, आणि वर चढण्याच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत राहिलेल्या कण्यांची साखर होते. म्हणजे ज्याला यातून खूप फायदा झाला, त्याचं आधीचं काम अर्धवट होतं. तरी कर, नुकसान नाही. फक्त पिशवी तळाला टेकू देऊ नकोस, पॉलिएस्टर वितळतं आणि माल्ट करपतं. मी तळाशी मोदकपात्राची चाळणी उपडी ठेवतो.

पाण्याचं थोडक्यात, कारण तुझं आणि माझं दुखणं उलटं आहे. एन्झाइम्सना मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा, तोही नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजलेला. गंमत अशी की पीएच हे माप मुळात एका ब्रुअरीच्याच प्रयोगशाळेतून आलं: कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ते १९०९ साली मांडलं. आपल्याकडे बोअरचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं, पातेल्याला पांढरा थर बसतो ते तेच. तेच पाणी मी पहिल्यांदा तसंच वापरलं तेव्हा मॅश ६ वर होता. आता आदल्या दिवशी उकळून, निवळून, वरचं पाणी घेतो आणि लॅक्टिक ॲसिडचे मिलिलिटर मोजून घालतो. मेलबर्नचं पाणी फार मऊ आहे, त्यामुळे तुला हा त्रास नाही. पण नुसतं पेल माल्ट मऊ पाण्यात ५.७-५.८ च्या आसपास बसतं. चहाचा एक सपाट चमचा जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घातलंस तर कॅल्शियममुळे तो जरा खाली येतो. उरलेला फरक ॲसिडने काढ, पण मीटर लावून, अंदाजाने नाही. आणि एवढं लक्षात ठेव की तुझ्या ६० टक्क्यांमागे पीएच हे मुख्य कारण असण्याची शक्यता मला कमी वाटते. लोक मीटरवर पैसे खर्च करतात आणि भरड दुकानाचीच ठेवतात, म्हणून बजावतोय.

पाणी एकदम घातल्याने मॅश पातळ होतो आणि म्हणून साखर होत नाही, असंही कुणी सांगेल. ऐकू नकोस. किलोला सहा लिटरपर्यंत पातळ मॅश मी पूर्ण होताना पाहिलाय.

साखर पूर्ण व्हायला लागली की मग पिळण्याकडे आणि धुण्याकडे ये, आता ते सार्थकी लागेल. न पिळता ५ किलो चोथा तुझे ४ लिटर धरून ठेवतो. पिळून ते अडीच लिटरवर आणलंस, तर सुरुवातीला दीड लिटर पाणी कमी घालता येतं आणि तेवढ्याच २५ लिटरांत चार टक्के जास्त साखर येते. फायदा सुरुवातीचं पाणी कमी केलं तरच ग्रॅव्हिटीत दिसतो. तू पाणी तेवढंच ठेवून पिळत होतास. पिळल्याने तुरटपणा येतो असं म्हणतात. सालातला तुरटपणा जास्त पीएच आणि जास्त उष्णता एकत्र आली की उतरतो, हाताच्या दाबाने नाही. मला पिळलेल्या सिरपमध्ये तुरट चव कधी लागलेली नाही.

पिळण्यापेक्षा धुणं फायद्याचं, आणि हात भाजत नाहीत. २९ पैकी २१ लिटरांत मॅश कर. ८ लिटर वेगळ्या पातेल्यात ठेव. पिशवी निथळली की त्या पातेल्यात बुडव, पाच मिनिटं चोथा आत ढवळ, पुन्हा उचल, ते पाणी मुख्य भांड्यात ओत. कारखान्याचं इंबिबिशनच हे. हिशोबाने भांड्यात येणारी साखर ८० वरून ८८ टक्क्यांवर जाते, म्हणजे एकूण उतारा ८३-८४. पाणी ७५ अंशांचं असलं तर बरं, साधं असलं तरी साखर विरघळतेच, फक्त पुढे उकळी यायला वेळ लागतो. तू नोकरी करून शनिवारी हे करतोस. जवळजवळ अर्धा किलो माल्ट वाचवायला जास्तीचं पातेलं घासायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मी धूत नाही, कारण सिरपला जास्त पाणी म्हणजे जास्त गॅस.

जड बिअर करशील तेव्हा घाबरू नकोस. २५ लिटरांसाठी ८ किलो माल्ट घेतलंस, तर चोथा जास्त, तो धरून ठेवणार तेही जास्त आणि जास्त गोड. साखर ९५ टक्के होऊनही एकूण उतारा ६८ च्या आसपास येईल. ती चूक नाही, तो पिशवीचा हिशोब आहे. रेसिपी लिहितानाच तो धर.

पिशवीचं कापड म्हणशील तर पडद्याचं जाळीदार पॉलिएस्टर घे, शिंप्याकडून दुहेरी शिवण घालून. सुती पंचा मी वापरून पाहिलाय. तो फुगतो, ताणतो, आणि पुढच्या वेळी कितीही धुतला तरी वास मारतो.

राहिली घरची ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी नेली आहेस, ती माल्टबरोबर घालता येईल का? येईल, पण कच्ची भरडून टाकलीस तर उतारा पुन्हा साठावर. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा वर, ७० च्या आसपास आणि त्याच्याही पुढे मोकळा होतो, ६६ अंशांना तो निम्मा झोपलेलाच असतो. आधी कण्या शिजवतात तशा शिजव, एक वाटीला चार वाट्या पाणी, वीस-पंचवीस मिनिटं, तळाला लागू न देता. मग ६६-६७ पर्यंत निवू दे आणि माल्टच्या मॅशमध्ये ढवळ. एकूण दाण्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पेल माल्टची एन्झाइम्स सहज सांभाळतात. ज्वारीला मोड आणून माल्ट करायची हौस आली तर मोड आणि मुळं वाळल्यावर चोळून, पाखडून पूर्ण काढून टाक. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. पोटरीत यायच्या आधीची कोवळी ज्वारी आपण गुरांना घालत नाही, त्याचं कारण तेच.

पुढच्या खेपेला दोनच गोष्टी बदल: माल्ट दोनदा भरडून आण आणि भांडं चादरीत गुंडाळ. पाणी २९ लिटरच, धुणं नाही, पिळणं नाही. भांडं चादरीत गुंडाळ. सुरुवातीची आणि शेवटची उष्णता, ३०, ४५, ६० आणि ७५ मिनिटांची ग्रॅव्हिटी, आणि चोथा चावून काय लागलं ते लिहून पाठव.